दामघोषाचं टाकं

नाणेघाटात आलेला माणूस सातवाहन राणी नागनिकेचं लेणं पाहतो, दगडी रांजणाजवळ फोटो काढतो आणि कोकणाकडे तोंड करून वारा खातो. त्याच कड्यात पाण्याच्या टाक्यापाशी एक धाकटा लेख आहे, त्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी राजाच्या तेराव्या वर्षी, हिवाळ्यात, कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थानं टाकं दान दिलं, एवढीच त्यातली हकिगत. मी शाळेत इतिहास शिकवते, माहेर नारायणगावचं, त्यामुळे हा घाट मला लहानपणापासून ऐकून माहीत. राजाराणीच्या नावापेक्षा हा दामघोष मला जवळचा वाटत आला आहे.

नाताळच्या सुट्टीत माहेरी गेले होते. वहिनीचं माहेर घाटाखाली, मुरबाड तालुक्यात. तिला आईवडिलांना भेटायला जायचंच होतं, म्हणून असं ठरलं की सगळ्यांनी सकाळी गाडीनं घाटघरला जायचं. वहिनी, भाचा आणि मी घाट उतरून वैशाखऱ्याला जायचं, आणि दादानं गाडी मागं वळवून गणेश खिंडीतून मढ, माळशेज करत खाली यायचं. "आत्या, बाबा गाडीनं आधी पोहोचणार की आपण चालत?" भाच्याचा प्रश्न. घाटाच्या इतिहासातला हाच प्रश्न आहे, फक्त दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं उत्तर वेगळं होतं.

जुन्नर सोडलं की चावंड मागं पडतो. पूरला कुकडेश्वराचं जुनं मंदिर, तिथं कुकडी उगम पावते. पुढं घाटघर, डाव्या हाताला जीवधन आणि त्याला चिकटून उभा राहिलेला वानरलिंगीचा सुळका. मग पठार एकाएकी संपतं. कड्यात एक अरुंद खिंड, तिच्यातून दगडांनी बांधलेली वाट खाली उतरते. थोडं उतरलं की लेणं लागतं.

मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्याची माणसं कोरलेली होती. पुतळे गेले, वर नावं राहिली: सिमुक, राणी नायनिका, म्हणजेच नागनिका, आणि सातकर्णी, राजपुत्र, आणि राणीचा बाप महारठी त्रणकयिरो. डाव्या-उजव्या भिंतींवर राणीचा प्राकृतातला मोठा लेख. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन करून पुढं यज्ञांची आणि दक्षिणेची यादी सुरू होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा हा मजकूर. कर्नल साइक्स यांनी 1828 साली या लेण्याची नोंद घेतली, पंडित भगवानलाल इंद्रजींनी आकड्यांवर काम केलं आणि ब्यूलर यांनी 1883 मध्ये लेखाचं वाचन छापलं.

भाच्याला मी आकडेच दाखवले. झिजलेल्या दगडावर बोट न टेकवता, हातभर अंतरावरून. एका ठिकाणी 10,001 गाई आहेत. दुसरीकडे 24,400 कार्षापण नाणी, आणि तो आकडा लिहायला तीनच खुणा पुरल्या आहेत: वीस हजाराची एक, चार हजाराची एक, चारशेची एक. शून्य नाही. हजाराच्या खुणेलाच वीस जोडायचा, म्हणजे वीस हजार होतात. त्याला ते इतकं आवडलं की वहीत उतरवून घेताना तो पुन्हा पुन्हा भिंतीकडे आणि वहीकडे पाहत होता. सह्याद्रीच्या या कड्यावर आकडे असे कोरले गेले, ही आपल्याकडच्या गणिताच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे आणि ती शाळेच्या फळ्यावर यायला हवी.

पण हा लेख इथंच का? राजधानी प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला, कोरता आला असता. याचं उत्तर चढून आलेल्या माणसाचे पाय देतील. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल मुरबाडवरून वैशाखऱ्याला यायचा आणि जनावरांच्या पाठीवर लादून घाट चढायचा. पुढं जुन्नर, नेवासे, पैठण. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी केलेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली, त्यावरून या वाटांनी काय काय वर आलं याची कल्पना येते. व्यापारी, हमाल, भिक्खू, शिपाई, सगळे इथं दम खायला थांबणार. राणीला ज्यांच्यापर्यंत आपली दानत पोहोचवायची होती, ते सगळे आपल्या पायांनी तिच्या भिंतीसमोर येत होते.

रांजणाबद्दल सगळे सांगतात की तो जकातीची नाणी टाकायला होता. लेखाचा जेवढा भाग वाचता येतो त्यात जकातीचं नावही नाही. जकात घेतलीच नसेल असं मी म्हणणार नाही, इतक्या अरुंद वाटेवर कुठला राज्यकर्ता हात आखडता घेईल? पण जे लिहून ठेवलेलं आहे ते दिल्याचं आहे, घेतल्याचं नाही.

आणि इथल्या दानांत पाणी वारंवार येतं. नागनिकेनंतर निदान दोनशे वर्षांनी दामघोष आला. तोवर या मुलखात बरीच उलथापालथ होऊन गेली होती. पेरिप्लस हे ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचं पुस्तक सांगतं की आधी कल्याण हे रीतसर बंदर होतं, मग राज्य बदललं आणि तिकडं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुकच्छाला, म्हणजे भडोचला, नेली जाऊ लागली. जुन्नर काही काळ नहपान क्षत्रपाच्या हाताखाली होतं. त्याचा अमात्य अयम यानं 46 व्या वर्षी जुन्नरच्या मानमोडीच्या लेण्यांत काय दिलं? एक मंडप आणि एक टाकं. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाचा यवन आहे, त्याचं दान दोन टाक्यांचं. क्षत्रपाचा अमात्य, यवन इरिल, कामवनचा गृहस्थ: क्षत्रप आणि सातवाहन एकमेकांशी लढत होते, पण दान काय द्यायचं याबद्दल तिघांचं एकमत. या वाटेवर कशाची गरज आहे हे ते चालून शिकले असणार.

टाकं वाकून पाहिलं की त्यामागची अक्कल कळते. कातळात आडवं तोंड, वर खडकाचंच छत, आत अंधार. पाऊस आणि कड्यातला पाझर दोन्ही आत येतात, ऊन पोहोचत नाही, म्हणून पाणी टिकतं. डिसेंबरातही काठोकाठ नसलं तरी हाताला लागेल इतकं होतं, आणि इतकं गार की वहिनीनं ओंजळ तोंडावर मारली आणि ओरडलीच. मिसर देशाकडून येणारी जहाजं पावसाळ्याच्या शेवटाला आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्याच्या वाऱ्यावर परत फिरत. म्हणजे घाटावर खरी वर्दळ याच महिन्यांत. दामघोषाचा लेखही हिवाळ्यातला आहे, हे मला उगाच वाटत नाही.

उतरायला अडीच तास लागले. वरचा टप्पा पायऱ्यांचा, गुडघ्यांची परीक्षा पाहणारा. मग झाडी, मग सपाटी. बांधीव दगड पाहत उतरताना लक्षात येतं की ही वाट खुरांसाठी आणि पायांसाठी आहे, चाकासाठी नाही. तिथंच तिचं नशीब ठरलं. 1830 मध्ये मुंबईच्या गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावली, दोन वर्षांत थळघाटातूनही. मोठा व्यापार चाकांमागं गेला. नाणेघाट गावांना उरला.

गावांना मात्र तो खूप वर्षं पुरला. वहिनीच्या घरी पोहोचलो तेव्हा दादा ओट्यावर चहा पीत बसला होता. जेवताना वहिनीच्या वडिलांनी, तात्यांनी, आपणहून म्हशाच्या जत्रेचा विषय काढला. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाला जनावरांचा मोठा बाजार भरतो. त्यांच्या लहानपणी घाटावरची माणसं बैल आणि घोंगड्या घेऊन याच वाटेनं उतरत. आदल्या दिवशी गावात मुक्काम, यांच्याच अंगणात बैल बांधलेले. सोयरिकीची बोलणीही तिथंच व्हायची. तात्यांच्या आजीचं माहेर घाटघरचं, ते असंच जुळलेलं.

"मग कधी बंद झालं?" मी विचारलं.

"बंद कुणी केलं नाही गं. माळशेजचा रस्ता चांगला झाला, टेम्पो आले. बैल टेम्पोत चढले," तात्या म्हणाले. "पण सोबत येणारी म्हातारी माणसं पुढं काही वर्षं चालतच उतरायची. गाडी लागते म्हणायची. टाक्याचं पाणी भरून घ्यायची आणि उन्हं चढायच्या आत इथं असायची."