महापौर, घरे आणि सहीचा अधिकार



आजचा विषय वरवर पाहता मुंबईकरांचा आहे. एखाद्या महापौराने घरबांधणीत काय कामगिरी केली, आणि त्या कामगिरीच्या बळावर तो राज्याच्या मोठ्या पदाला लायक ठरतो काय, असा हा प्रश्न. देवगाव फाट्यावर राहणाऱ्या माणसाने त्यात डोके का घालावे? उत्तर सोपे आहे. ह्या फाट्यावरून एक रस्ता मंठ्याकडे जातो, एक जिंतूरकडे आणि एक सेलूकडे. १९७२ च्या दुष्काळात ह्या तिन्ही रस्त्यांनी माणसे बाहेर पडली. काही खडी फोडण्याच्या कामावर थांबली. काही सेलूला गाडीत बसली, मनमाडला गाडी बदलली आणि मुंबईला पोचली. तिथे त्यांनी जे छप्पर उभे केले त्याला सरकारी कागदात झोपडी म्हणतात. तेव्हा मुंबईच्या घरांचा हिशेब हा आपल्याही घरचा हिशेब आहे.

ह्या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मनोहर जोशी. १९३७ साली रायगड जिल्ह्यातील नांदवी गावी एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण कष्टाने केले, मुंबई महापालिकेत नोकरी केली, पुढे दादरला शिकवणीचे वर्ग काढले. १९६८ मध्ये ते नगरसेवक झाले आणि १९७६-७७ ह्या वर्षी मुंबईचे महापौर. त्यानंतर सुमारे अठरा वर्षांनी, १४ मार्च १९९५ रोजी, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पुढे केंद्रात मंत्री आणि २००२ ते २००४ लोकसभेचे अध्यक्ष. २०२४ च्या फेब्रुवारीत ते वारले. नगरसेवकापासून लोकसभेच्या अध्यक्षासनापर्यंतची अशी चढण फार थोड्यांनी चढलेली आहे.

त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, ज्याने महापालिकेचा कारभार आतून पाहिला, ज्याला गटार, नळ आणि झोपडी ठाऊक होती, त्यानेच झोपडीवाल्याला फुकट पक्के घर देण्याची छाती दाखवली. दुसरा पक्ष म्हणतो की, महापौर असताना त्यांनी घरे बांधली नाहीत, आणि मुख्यमंत्री झाल्यावर जी कबूल केली तीही झाली नाहीत. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु दोघेही एक गोष्ट विचारायची विसरतात.

कामगार संघटनेत उमर घालवलेल्या माणसाच्या अंगवळणी एक रीत पडते. बोलणी करायला बसण्यापूर्वी तो समोरच्याला विचारतो, ‘साहेब, करारावर सही करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?’ नसेल तर चहा घ्यावा, नमस्कार करावा आणि ज्याची सही चालते त्याच्याकडे जावे. हाच प्रश्न महापौराला विचारून पाहू.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती दिली, आणि आयुक्ताची नेमणूक सरकारने करायची असे ठरवले. महापौर सभेचा अध्यक्ष. त्याने पाहुण्यांचे स्वागत करावे, सभा चालवावी, शहराचा मान राखावा. इंग्रज गेला, कायद्याचा हा सांगाडा राहिला. घरांची गोष्ट तर महापौरापासून आणखीच दूर. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधारणा मंडळ निघाले, ते सरकारी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी.डी.डी. चाळी उठल्या, त्याही सरकारी खात्याच्या. १९७७ मध्ये म्हाडा झाली, ती राज्य सरकारची. १९९५ अखेर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण झाले, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. म्हणजे शहरात घर बांधणारा प्रत्येक मोठा हात शहराबाहेरून हलवला गेला.

ह्याचा सर्वांत कडू दाखला आमच्याच चळवळीतला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या लाटेत १९५७ मध्ये समितीने मुंबई महापालिका जिंकली आणि १९५८ मध्ये शांताराम मिरजकर महापौर झाले. गिरणी कामगारांचे पुढारी, मीरत कटाच्या खटल्यातले आरोपी. चाळीतल्या एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे कशी राहतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. मनात होते, बहुमत होते, लोक पाठीशी होते. पण गळ्यात महापौराची साखळी आली तरी किल्ल्यांचा जुडगा सचिवालयात होता. मिरजकरांना ज्या मापाने मोजणे अन्याय, त्याच मापाने जोशींना मोजणेही अन्यायच होय. माणूस आपल्या पक्षाचा असो वा नसो, माप एकच पाहिजे.

आता जोशींच्या महापौरपदाचे वर्ष पाहा. १९७६ च्या जानेवारीत मुंबईच्या झोपड्यांची मोठी गणती झाली. सुमारे अठ्ठावीस लाख माणसे झोपड्यांत राहतात असे दिसून आले. ह्या गणतीवरून झोपडीवाल्यांना ओळखपत्रे मिळाली. त्याच वर्षी मे महिन्यात तुर्भ्याच्या अणुकेंद्राजवळची जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबे चिता कॅम्पात नेऊन टाकली. आणीबाणीचा काळ, दाद मागायची सोय नव्हती. गणती केली राज्य सरकारने, वस्ती हलवली वरच्या सरकारांनी. त्या वेळी मुख्यमंत्री कोण होते? आपल्या मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण. तेही मूळचे नगरपालिकेतले, नांदेडचे नगराध्यक्ष. त्यांनी नांदेडात किती घरे बांधली असे कोणी विचारत नाही. लोक त्यांना जायकवाडीने आणि विष्णुपुरीने ओळखतात. परभणी जिल्ह्याच्या शेतात कालव्याचे पाणी आले ते त्यांच्या नावाशी जोडले गेले. कारण पाटबंधाऱ्याच्या कागदावर सही त्यांची होती.

परदेशातली उदाहरणे हाच धडा उलट बाजूने देतात. इंग्लंडात जोसेफ चेंबरलेन १८७३ पासून तीन वर्षे बर्मिंगहॅमचा महापौर होता. त्याने गॅस आणि पाणी शहराच्या मालकीचे केले. गलिच्छ वस्ती पाडून मोठा रस्ता काढला. त्या कीर्तीवर १८७६ मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि १८८० मध्ये मंत्री झाला. परंतु ज्या मजुरांची घरे पाडली त्यांच्यासाठी नवी घरे नाममात्रच झाली. रस्ता दुकानदारांचा झाला आणि महापौर देशाचा झाला.

ऑस्ट्रियात कार्ल साइट्‌झची वाट निराळी. पहिल्या महायुद्धानंतर तो प्रथम देशाचा प्रमुख होता आणि नंतर, १९२३ मध्ये, व्हिएन्नाचा महापौर झाला. आपल्याकडे ह्याला कोणी बढती म्हणणार नाही. पण १९२२ पासून व्हिएन्ना शहर हे स्वतंत्र प्रांत झाले होते; कर बसवण्याचा अधिकार शहराकडे होता. त्यांनी घरबांधणीचा कर बसवला, बंगल्याला जास्त, खोलीला कमी. त्या पैशातून १९३४ पर्यंत सुमारे साठ हजार घरे बांधली. भाडे मजुराच्या आवाक्यातले होते. १९३४ च्या फेब्रुवारीत हुकूमशाहीने साइट्‌झला नगरभवनातून पकडून नेले आणि कामगारांच्या चाळींवर तोफा डागल्या. पण घरे टिकली; त्यांत आजही माणसे राहतात. जिथे सही आणि तिजोरी शहराच्या हाती, तिथे महापौर खरोखर घरे बांधतो.

मग १९९५ साली जोशींच्या हाती सही आली. इथून त्यांचा खरा हिशेब सुरू होतो. निवडणुकीत वचन होते चाळीस लाख झोपडीवासीयांना फुकट घरांचे, म्हणजे पाच वर्षांत आठ लाख घरे. केलेल्या घरांनी त्यांना मुख्यमंत्री केले नाही, सांगितलेल्या घरांचा त्यात वाटा होता. बाकी वाटा पक्षाचा, युतीचा आणि त्या वर्षांतल्या तापलेल्या वातावरणाचा.

योजनेत एक गोष्ट मोठी होती, ती मान्य केली पाहिजे. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीवाल्याचा घरावर हक्क आहे, आणि त्याला २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळाले पाहिजे, असे सरकारने प्रथमच लिहून दिले. ज्याला काल बुलडोझर दाखवत होते त्याला आज हक्कदार म्हटले. हे लहान पाऊल नव्हे.

परंतु पैसा कोठून आणणार? तिजोरीतून नाही, करातून नाही. बिल्डरने झोपडीवाल्यांना घरे बांधून द्यावीत आणि त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र घेऊन बाजारात विकावे. उपनगरात फुटाला फूट असा हिशेब होता. १९९१ च्या आधीच्या योजनेत बिल्डरच्या नफ्यावर पंचवीस टक्क्यांची मर्यादा होती, तीही काढली. म्हणजे गरिबाचे घर जमिनीच्या भावाला बांधले गेले. भाव चढला तर घर होणार, पडला तर पाया तसाच राहणार. आणि झाले तेच. १९९५-९६ नंतर मुंबईतले जागांचे भाव घसरले आणि बिल्डर थांबले. सरकारला १९९८ मध्ये शिवशाही पुनर्वसन प्रकल्प ही स्वतःची कंपनी काढावी लागली. पाव शतक उलटल्यावरही पुऱ्या झालेल्या घरांचा आकडा तीन लाखांपर्यंत पोचला नव्हता. जिथे जमीन महाग, तिथे इमारती उठल्या. जिथे जमीन स्वस्त, तिथले लोक वाट पाहत राहिले. कामगाराची मजुरी मालकाच्या सट्ट्यावर ठेवली असती तर आपण करार फेकून दिला असता. घराच्या बाबतीत मात्र आपण टाळ्या वाजवल्या.

सहीचा अधिकार कसा वापरला जातो ह्याचा दुसराही दाखला त्याच कारकिर्दीत आहे. पुण्यात प्राथमिक शाळेसाठी राखून ठेवलेल्या एका भूखंडाचे आरक्षण उठले आणि तिथे मुख्यमंत्र्यांच्या जावयाच्या संबंधातली इमारत उभी राहिली. उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती परवानगी बेकायदा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निकाल कायम केला. जोशींनी १९९९ च्या जानेवारीअखेर मुख्यमंत्रिपद सोडले होते, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या युतीची सत्ता गेली.

त्यांच्या खात्यावर एक जमेची बाजू लिहायची राहते. १९९८ मध्ये त्यांच्याच सरकारने मुंबई आणि नागपूर येथे महापौर परिषद आणली. महापौराच्या हाती कारभाराचा अधिकार देण्याचा हा प्रयत्न होता. साखळीचे ओझे स्वतः वाहिलेल्या माणसाला ते सुचावे ह्यात नवल नाही. नागपूरला त्या पद्धतीखाली महापौर असलेले देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले. पण परिषद स्वतः जगली नाही. १९९९ मध्येच ती रद्द झाली. कोणत्याही रंगाच्या सरकारला शहराच्या हाती किल्ली द्यायला आवडत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. आपल्या राज्यात महापौरपदावरून कोणाची घरबांधणी मोजता येत नाही. म्हणून त्या नावाने कोणी मोठे पद मागू लागला तर ते मान्य करू नये, आणि त्या नावाने कोणाला हिणवूही नये. त्याऐवजी उमेदवाराला तीन गोष्टी विचाराव्यात. घरांचा पैसा कोणत्या खिशातून येणार? भाव पडला तर काम कोण पुरे करणार? आणि शहराला सहीचा अधिकार तू देणार की स्वतःच्या मेजावर ठेवणार? जोशींनी पहिल्याचे उत्तर बाजारावर सोपवले, दुसरे उशिरा शोधले आणि तिसऱ्याचे निम्मे दिले.

मुंबईत गेलेली आपली माणसे आता आजे-आज्या झाली आहेत. त्यांतल्या काहींना पक्के घर मिळाले, तेव्हा त्यांनी कुळदैवताला नारळ फोडला. तो आनंद खोटा नव्हता. काही संक्रमण शिबिरात म्हातारी झाली. पुढच्या निवडणुकीत घराचे वचन घेऊन कोणी आपल्याही फाट्यावर येईल. त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि सही कोणाची हे आधी विचारावे.