प्रयोगाला ४८ तास

आमच्या वडशात नाटक कंपनीला ‘प्रेस’ म्हणतात. दिवाळी ते होळी हा झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम. गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला की रात्री नाटक ठरलेलंच. २०२३ च्या जानेवारीत झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात मला भूमिका मिळाली. विलायतेहून परतलेला मालगुजाराचा पोरगा! विग मिळत होता, पण मला डोक्यावरचेच केस पिवळे हवे होते.

४८ तास बाकी
ब्लीच पावडर घेतली. दुकानदार म्हणाला, “२० व्हॉल्यूम घे गा, ६ टक्के पेरॉक्साइड लय झालं.” मी ४० ची बाटली उचलली, म्हणजे १२ टक्के. कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट बघायची आणि मानेवरची एक बट आधी उतरवून पाहायची, याला नेमका एवढाच वेळ होता. तो मी संवाद घोकण्यात घालवला.

९ तास बाकी
दुपारी एकला बोरिंगवर डोकं खसाखसा धुतलं. टाळूला तेलाचं जे काही पांघरूण होतं ते गेलं. आमचं बोरिंगचं पाणी बादलीत लाल गाळ सोडतं. ते लोह केसांत बसतं आणि पेरॉक्साइडला आणखी चेव आणतं.

८ तास बाकी
जर्मनच्या वाटीत कालवलं. ॲल्युमिनियमशी या रसायनाचं जमत नाही, प्लास्टिकची वाटी घ्यायची असते. वर सुरुवात मुळांपासून केली. मुळांना टाळूची ऊब मिळते, ती लवकर उतरतात, म्हणून शेवटी घ्यायची. तासाभरात मुळं पिवळी, आणि जुन्या काळ्या मेहंदीची टोकं विटकरी.

साडेसहा तास बाकी
पाकिटावरची वेळ केव्हाच उलटली होती. तरी दुसरा थर दिला, डोक्याला पन्नी बांधली आणि उन्हात बसलो. टाळू चुरचुरायला लागली. मित्र म्हणाला, “काहून गा, धूऊन टाक ना!” मला वाटलं, चुरचुरतंय म्हणजे काम होतंय.

५ तास बाकी
धुतलं. एक केस दोन बोटांत धरून ओढला. तो ताणत गेला, ओल्या शेवईसारखा, आणि परत आखडलाच नाही. केसाला बळ देणारे गंधकाचे सांधे तुटले की असं होतं. मग त्यावर तेल घाला नाहीतर अंडं, सांधे जुळत नाहीत. तिथेच कात्री लावायला हवी होती. मी ओल्या केसांत बारीक दातांची फणी घातली. फणी भरून आली.

१ तास बाकी
रंगपटात उरलेल्या केसांवर गरम ड्रायर मारला. जळक्या पिसांचा वास सुटला. आरशात मात्र झकास दिसत होतो.

रात्री दहा
दुसऱ्या प्रवेशात नागपूरहून आलेल्या नायिकेनं मला झुलपं धरून ओढायचं होतं. तालमीत ती हलकेच धरायची. समोर तुडुंब मंडप पाहून तिलाही जोर आला. ती पुढे गेली, मी जागेवर. तिच्या मुठीत पिवळा पुंजका.

मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”