चाकणचा ४१०५०१ : एका संख्येचे गणित

४१०५०१ ही सहा अंकी विषम संख्या म्हणजे पुणे जिल्ह्यातील चाकणचा पिनकोड. टपाल व तार मंडळाचे सदस्य आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग दाखवतो. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, तर शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दर्शवतात.

अवयव : ५०१ मधून ४१० वजा केल्यास ९१ उरतात. १००१ = ७ × ११ × १३ असल्याने ४१०५०१ = ४१० × १००१ + ९१ अशी मांडणी करता येते. ९१ ला ७ व १३ यांनी भाग जातो, ११ ने जात नाही. मूळ संख्येचेही तसेच. तिचे मूळ अवयव ७ × १३ × १३ × ३४७ असून एकूण विभाजक १२ आहेत. ती संख्या सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज ९८,९७१ म्हणजे संख्येहून कमी भरते. अशा संख्येस न्यून संख्या म्हणतात.

कापरेकरांच्या कसोट्या : देवळाली येथील शिक्षक व गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी, जिला आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला 'हर्षद' संख्या म्हटले. ४१०५०१ च्या अंकांची बेरीज ११ असल्याने ती हर्षद नव्हे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती 'स्वयंभू' संख्या. मात्र ४१०४८२ मध्ये तिच्या अंकांची बेरीज १९ मिळवली की ४१०५०१ मिळते. म्हणून ती स्वयंभूही नव्हे.

चुकीची ओळख : १३ ने भाग जाणाऱ्या संख्येतील कोणताही एक अंक बदलला, किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर नव्या संख्येला १३ ने भाग जात नाही. सर्व पिनकोड १३ च्या पटीत ठेवले असते, तर अशी प्रत्येक चूक भागाकारानेच उघड झाली असती. मात्र सहा अंकी ९ लाख संख्यांपैकी केवळ ६९,२३१ वापरता आल्या असत्या आणि क्रमांक ओळीने देता आले नसते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक अशा पडताळणीसाठीच राखलेला आहे; पिनकोडमध्ये ती सोय नाही. चाकणच्या संख्येला १३ ने भाग जातो, हा निव्वळ योगायोग होय.

परिणामी शेवटच्या १ ऐवजी २ लिहिले गेल्यास तो क्रमांक चुकीचा ठरत नाही. ४१०५०२ हा जुन्नरचा पिनकोड आहे. चाकणचे पत्र चाकणलाच पोहोचावे, यासाठी पत्ता लिहिणाऱ्यानेच तो अंक पुन्हा पाहून घेणे इष्ट.