हळदीचा रंग आणि हळदीचे तेल
नागपंचमीला पिंगुळीत हळदीच्या पानांत पातोळ्या उकडू लागल्या की घमघमाट ओटीपर्यंत येतो. पानांतले तेल वाफेबरोबर निघते. ऊर्ध्वपातनाचे तत्त्व हेच.

रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आधी लागला तो हळदीचा रंग. १८१५ मध्ये फोगेल व पेलेतिये यांनी कुर्क्युमिन वेगळे केले. त्याची रचना उलगडायला १९१० उजाडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३०च्या दशकात केळकर (केसरीकार नव्हेत!) आणि संजीव राव यांनी गड्ड्यांचे तेल तपासले. त्यात निम्म्याहून अधिक टर्मेरोन वर्गातील कीटोने, तर सुमारे पाव हिस्सा झिंजिबेरीन आढळले. कुर्क्युमिन वाफेबरोबर उडत नाही, चोथ्यातच राहते.

सुरक्षिततेचा घोळ इथेच होतो. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या समितीने २००३ मध्ये घातलेली मर्यादा, वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम, कुर्क्युमिनची आहे. तेलाला ती लावता येत नाही. शिवाय वाळल्या हळकुंडात तेल शेकडा ३ ते ५ एवढेच. म्हणजे चमचाभर तेलात शंभर-दीडशे ग्रॅम हळकुंडांचे तेल आले! पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे तो पुडीचा आणि पानांचा, बाटलीतल्या तेलाचा नव्हे.