सोन्याचे मांजर

माझ्या आजीच्या धर्मशास्त्रात बहुतेक पातकांना स्वस्त प्रायश्चित्ते होती. खोटे बोललास तर देवापुढे नाक घास, एकादशीला चुकून कांदा खाल्लास तर तुळशीचे पान तोंडात टाक. मांजर मारण्याचे पातक मात्र भलतेच महाग होते. ज्याच्या हातून मांजर मेले, त्याने सोन्याचे मांजर घडवून काशीला जायचे आणि तेथे ते दान करायचे. "किती तोळ्यांचे ग आजी?" असे मी एकदा विचारले. आजी म्हणाली, "मेल्या, मारू नकोस, म्हणजे तोळे मोजावे लागणार नाहीत." मांजर हे षष्ठीदेवीचे, म्हणजे आपल्या सटवाईचे वाहन. बाळाच्या कपाळी लेख लिहायला येणाऱ्या देवीचे जनावर दुखवायचे कोणी?

परंतु हीच आजी, माळ्यावर मांजरीची पिल्ले फार झाली की गड्याला हाक मारी. त्याने ती पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायची. सोडणे म्हणजे मारणे नव्हे, असा तिचा निवाडा होता. पलीकडच्या गावातली कोणी आजी आपली पिल्ले अलीकडे आणून सोडत असेल, हे मला फार पुढे सुचले.

मी मास्तर झालो आणि तेच पोते माझ्या हाती आले. शाळेच्या सामानाच्या खोलीत उंदरांनी नकाशे कुरतडले, म्हणून मी घरून एक भाटी नेऊन तेथे सोडली. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. दुसऱ्या वर्षाअखेर शाळेत अकरा मांजरे झाली आणि वऱ्हांड्यातली चिमण्यांची घरटी ओस पडली. मग एका रविवारी शिपायाला पोते आणि एसटीचे भाडे मीच दिले. ती कोठे सोडली हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. सोमवारी पहिल्याच तासाला एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मांजरे कुठे गेली?" मी फळ्याकडे वळून तारीख लिहू लागलो.

म्हणून मॅरियन बेटाची हकीकत वाचनात आली, तेव्हा ती मला परक्या मुलखातली वाटली नाही. फराळाच्या दिवसांत हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

मॅरियन हे बेट केपटाऊनपासून आग्नेयेला दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, थंडगार समुद्रात आहे. क्षेत्रफळ सुमारे २९० चौरस किलोमीटर. ज्वालामुखीने वर काढलेली जमीन, झाड म्हणून नाही, बारमाही वारा आणि पाऊस. माणसाने तेथे गाव वसवले नाही, म्हणून पक्ष्यांनी वसवले. पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी तेथे जमिनीत बिळे करून अंडी घालतात. चार पायांचा शत्रू त्यांच्या पूर्वजांनीही पाहिलेला नव्हता, त्यामुळे पळून जाण्याची विद्या त्यांना आलीच नाही.

एकोणिसाव्या शतकात सील मारायला येणाऱ्या जहाजांतून घरातले छोटे उंदीर बेटावर उतरले. १९४७ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेने हे बेट आपल्या ताब्यात घेतले आणि तेथे हवामान-केंद्र उभारले. केंद्रात उंदरांचा उपद्रव सुरू झाला. त्यावर उपाय म्हणून १९४९ साली पाच मांजरे नेण्यात आली. आमच्या शाळेत एक, तेथे पाच, विचार तोच.

मांजराला कोठीतल्या उंदराच्या मागे धावण्यापेक्षा बिळात स्वस्थ बसलेला पक्षी सोपा वाटला, यात त्याचे काय चुकले? थोड्याच वर्षांत त्या पाचांचा वंश माणसाला विसरून गेला आणि साऱ्या बेटावर पसरला. १९७७ साली शास्त्रज्ञांनी अंदाज केला तेव्हा मांजरे सुमारे ३,४०० होती, आणि ती वर्षाला सुमारे साडेचार लाख पक्षी खात होती. पेट्रेलांची एक जात तर बेटावरून पार नाहीशी झाली. शेजारी, वीसेक किलोमीटरांवर, प्रिन्स एडवर्ड नावाचे धाकटे बेट आहे. तेथे मांजर कधी पोचलेच नाही, आणि तेथली बिळे भरलेलीच राहिली. एरवी दोष वाऱ्यावर, पावसावर, माशांच्या टंचाईवर ढकलता आला असता. पण हा साक्षीदार शेजारीच उभा होता.

पुढचा भाग लिहिताना हात आखडतो. १९७७ साली मांजरांना होणाऱ्या एका साथीच्या रोगाचे विषाणू मुद्दाम बेटावर सोडण्यात आले. काही मांजरे पकडायची, त्यांना लागण करायची आणि परत मोकळी सोडायची. साथीने आपले काम केले. १९८२ पर्यंत संख्या सुमारे ६०० वर आली. मात्र जी उरली त्यांना तो रोग बाधेना. म्हणून १९८६ पासून माणसे बंदुका घेऊन रात्री बेट पालथे घालू लागली. झोताच्या दिव्यात मांजराचे डोळे चमकले की गोळी. अंधाऱ्या माजघरात दोन हिरवे दिवे दिसले की आपण पोरे "मनी, मनी" म्हणून हाका मारत असू, ते हेच डोळे. आठशेंहून अधिक मांजरे अशी मारली. उरलेल्यांसाठी सापळे लावले, विष ठेवले. १९९१ च्या जुलैत शेवटचे मांजर सापळ्यात सापडले.

आता योगायोग पाहा. कादंबरीत मी तो घातला असता, तर संपादकांनी खोडून टाकला असता. त्याच वर्षी, त्याच्याच पुढच्या महिन्यात, १४ ऑगस्ट १९९१ रोजी इटलीत एक कायदा झाला. मोकळेपणी राहणाऱ्या मांजराचा कोणीही छळ करू नये. सरकारी पशुवैद्यांनी त्याचे संततिनियमनाचे ऑपरेशन करून त्याला त्याच्याच कळपात परत सोडावे. असाध्य आजार असल्याखेरीज त्याला मारू नये, असे तो कायदा सांगतो. रोममध्ये, ज्या चौकाच्या भग्न देवळांजवळ सीझर मारला गेला, त्याच चौकात मांजरांचे आश्रयस्थान चालू झाले.

म्हणजे एका महिन्यात जगाने मांजराला दोन निकाल दिले. आणि दोन्ही निकाल देणारी माणसे, माझ्या मते, प्राण्यांवर प्रेम करणारीच होती. रोमचा उपाय मॅरियनवर चालला नसता. ऑपरेशन केलेल्या मांजराला पिल्ले होत नाहीत, पण भूक पूर्वीइतकीच लागते. ते मरेपर्यंत पेट्रेलच खाणार. उलट मॅरियनची बंदूक रोमच्या चौकात आणणे हा शुद्ध राक्षसीपणा झाला असता, कारण तेथे वाचवायला दुर्मीळ पक्षी नव्हते. होता तो शेजाऱ्यांचा त्रागा. तरीही या वादातले लोक एकाच्या गावचे औषध दुसऱ्याच्या गावाला पाजायला निघतात. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०२० पर्यंत वीस लाख रानटी मांजरे मारण्याचे ठरवले, तेव्हा फ्रान्समधून ब्रिजित बार्दो या एके काळच्या नटीने निषेधाचे पत्र धाडले. तिचा कळवळा खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण तिकडचे छोटे सस्तन प्राणी एकामागून एक कायमचे संपले आणि त्यात मांजराचा हात मोठा होता, हेही खोटे नाही.

मांजरावर खोटा आळ येतो तोही सांगायला हवा. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह चालू झाले. तेथे मांजराने मारून आणलेल्या एका चिमुकल्या पक्ष्याचे नमुने लायल या दीपगृहावरच्या माणसाने अभ्यासकांकडे पाठवले. जगाला त्या पक्ष्याची ओळख झाली ती अशी, आणि लवकरच तो नाहीसाही झाला. एकट्या दीपगृहाच्या मांजराने अख्खी जात संपवली, ही गोष्ट शंभर वर्षे सांगितली गेली. २००४ साली दोघा संशोधकांनी जुने कागद पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की बेटावर रानटी झालेली मांजरे अनेक होती. पण गोष्टीला एकच खलनायक बरा पडतो, हे आम्हा लिहिणाऱ्यांना ठाऊक असते.

बरे, मांजरे संपली म्हणजे सुटलो, असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला मॅक्वारी बेट आहे. तेथले शेवटचे मांजर २००० साली मारले गेले, आणि पुढच्या पाचसहा वर्षांत सशांनी डोंगरउतारांवरचे गवत मुळापर्यंत खाल्ले. मांजर गेले म्हणून ससे वाढले, असे काही शास्त्रज्ञ म्हणाले. सशांवर सोडलेल्या रोगाचा जोर ओसरला म्हणून वाढले, असे इतर म्हणाले. भांडण कागदावर चालू राहिले आणि उतार उघडे पडले. अखेर ससे, घुशी, उंदीर सारे एकदम काढायला सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर झाले, आणि २०१४ साली बेट मोकळे झाल्याचे जाहीर झाले. आजीचे सोन्याचे मांजर यापुढे स्वस्त म्हणायचे.

मॅरियनवर उंदीर मात्र राहिलेच होते. मांजर गेले, हवाही थोडी उबदार झाली, आणि उंदरांची चंगळ झाली. किडे सरले, तसे ते पक्ष्यांकडे वळले. २००३ साली प्रथम दिसले की अल्बट्रॉसच्या पिल्लांना उंदीर जिवंतपणी कुरतडत आहेत. एवढे थोरले पाखरू, पण घरटे सोडून उठत नाही. उंदीर हा शत्रू असतो हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. २०२३ साली तर मोठे, वाढलेले अल्बट्रॉसही त्यांच्या दातांनी मेलेले सापडले. आता हेलिकॉप्टरांतून साऱ्या बेटावर विषारी दाणे टाकण्याची योजना आहे. बेट जवळजवळ ३०,००० हेक्टरांचे, आणि एकेका हेक्टराचा खर्च उचला म्हणून लोकांना आवाहन करण्यात आले आहे.

आमच्या शाळेच्या खोलीतही उंदीर परत आले आहेत. परवा मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडे एखादे मांजर असेल ना?"

मी म्हटले, "आहे. पण आधी पत्र्याचे कपाट घेऊ."