'रीड' या क्रियापदाची पूर्वपीठिका

इंग्रजीतील 'रीड' म्हणजे वाचणे, हे आपण शाळेत शिकतो आणि तेथेच थांबतो. वर्तमान व भूतकाळाची रूपे सारखीच लिहायची, उच्चार मात्र 'रीड' आणि 'रेड' असे वेगळे करायचे, एवढी अडचण सोडली तर हा शब्द कोणाला कोड्यात टाकत नाही. त्याच्या इतिहासात मात्र कोडेच दडलेले आहे, आणि तेही शब्दशः.

प्राचीन इंग्रजीतील 'रॅडन' हे त्याचे मूळ रूप. सल्ला देणे, विचार करणे, गूढाचा उलगडा करणे हे त्याचे जुने अर्थ. कोडे या अर्थाचा 'रिडल' हा शब्दही याच कुळातला. जर्मनमधील सगोत्र 'राटेन' आजही सल्ला देणे आणि अंदाज बांधणे या अर्थांनी वापरले जाते; पण वाचनासाठी जर्मनने 'लेझेन' हे वेचण्याचा अर्थ असलेले क्रियापद घेतले. लॅटिनमधील 'लेगेरे'चीही तीच कथा. इंग्रजीने मात्र लिखित अक्षराकडे उलगडण्याची वस्तू म्हणून पाहिले असावे.

सल्ल्याचा अर्थ इतिहासात एका राजाला चिकटून राहिला आहे. दुसरा एथेलरेड (राज्यकाल ९७८–१०१३ व १०१४–१०१६) याच्या नावाचा अर्थ 'उदात्त सल्ला'. पुढील काळात त्याला 'उनरॅड', म्हणजे सल्ल्याला पारखा, असे उपहासाने म्हटले गेले. ही कोटी विस्मरणात गेली आणि तो 'अनरेडी', म्हणजे बेसावध, राजा ठरला. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये ऑफेलिया भावाशी बोलताना सल्ला या अर्थाचे जुने नाम अजून वापरते. पुढे ते प्रचारातून गेले आणि क्रियापदाकडे प्रामुख्याने वाचन उरले. तरीही हात, आकाश किंवा चेहरा 'वाचणे' या प्रयोगांत जुना उलगडा जिवंत आहे.

आपले 'वाचणे' बोलणे या अर्थाच्या 'वच्' धातूकडे जाते. पोथी श्रोत्यांसमोर मोठ्याने वाचली जाई. वाचक जणू अक्षरांना बोलते करी. बोलते करणे, वेचणे आणि उलगडणे अशी वाचनाची ही तीन रूपे आहेत. आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याला तिन्ही हवीत. प्रत्यक्षात आपल्या वर्गांत कवितेचा अर्थ मार्गदर्शकातून आयता मिळतो. कविता मोठ्याने म्हटली जात नाही आणि तिचे कोडेही कोणी सोडवत नाही.

दहाव्या शतकातील 'एक्सेटर बुक' या हस्तलिखितात नव्वदांहून अधिक कोडी आहेत. त्यांपैकी एकात एक चोर माणसाची वचने गिळतो, पण तसूभरही शहाणा होत नाही. हा चोर म्हणजे पुस्तकातली कसर. परीक्षेच्या दिवसांत हे कोडे आम्हांला हटकून आठवते.