सुगावा-साखळी (भूमिका-खेळ)
मेजावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांत एका साहसातून पुढच्या साहसाकडे नेणारी खुणांची मांडणी. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठी (१९७४) गॅरी गायगॅक्स यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या राक्षसमालिकेत पहिल्या गढीत सापडणारा नकाशा खेळाडूंना हिमराक्षसांकडे धाडतो. सगळी भिस्त एकाच खुणेवर असली, तर ती हुकताच मोहीम अडते. म्हणून खेळ चालवणारे मुरलेले सूत्रधार एकाच ठिकाणाकडे बोट दाखवणाऱ्या तीन-तीन खुणा पेरतात. मोहीम खऱ्या शहरावर बेतायची, तर अहमदनगर (अहिल्यानगर) अशा रचनेला फार सोयीचे: भुईकोट किल्ला, फराहबाग, निजामशाहीतले खापरी नळ. शाह डोंगरावरच्या अष्टकोनी इमारतीला तर लोक ‘चांदबीबी महाल’ म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. असा चकवा सूत्रधाराला आयताच मिळतो.